दगडात काय बघायचं?

नाशिक म्हटलं की होस्टेलवाल्यांच्या तोंडी ठरलेली नावं येतात. पंचवटी, काळाराम मंदिर, पांडवलेणी, सोमेश्वर, द्राक्षं आणि रविवार सकाळची मिसळ! नवीन ॲडमिशनवाल्यांचं हे सगळं पहिल्या दोन महिन्यांत बघून (आणि खाऊन) होतं. मग गंगापूर रोडवरच्या चहाच्या टपरीवर प्रश्न येतो, "इथे अजून बघण्यासारखं काय आहे गं?" मी इथलीच, गंगापूर रोडवरच लहानाची मोठी झालेली, त्यामुळे माझं उत्तर तयार असतं. "सिन्नरला जा, दगड बघून या."

यावर सगळे हसतात. दगड बघायला कोण जातं? आमच्या मेकॅनिकलच्या ग्रुपमध्ये तर "दगड" ही पदवी आहे, व्हायवात गप्प बसणाऱ्याला देतात! पण मी गंमत करत नसते. सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत 'गारगोटी' नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. (हे माळेगाव म्हणजे यंत्रमागांचं मालेगाव नव्हे आणि ही गारगोटी म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलं गाव नव्हे. दोन्ही घोटाळे आमच्या वर्गात झालेले आहेत.) के. सी. पांडे यांनी अनेक वर्षं जमवलेल्या खनिजांमधून ते उभं राहिलं. ते कशासाठी बघायचं, तिथल्या दगडांचा आपल्या बादलीशी, आपल्या सिलॅबसशी आणि आपल्या शहराशी काय संबंध, हे सांगण्यासाठी हा लेख. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा मिक्स आहे, तेवढं सांभाळून घ्या.

सहल नावाचा प्रकार

आठवीत असताना आमची शाळेची ट्रिप तिथे गेली होती. ट्रिप म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. बसमध्ये अंताक्षरी, शेवटच्या सीटसाठी भांडण, डब्यातली पुरी-भाजी साडेनऊलाच संपलेली आणि उतरल्यावर मिसचं पहिलं वाक्य, "टू बाय टू, नो टॉकिंग, डोन्ट टच एनीथिंग!" मग रांग. रांगेचा एक नियम असतो, ती थांबत नाही. त्यामुळे काचेमागचा प्रत्येक दगड आम्हाला साधारण चार सेकंद दिसला. पुढच्या मुलीची वेणी जास्त वेळ दिसली.

तरीही त्या धावपळीत दोन गोष्टी डोक्यात बसल्या. एक म्हणजे काळ्या दगडाच्या खोबणीत बसलेले पांढरे शुभ्र गोळे. कापसाच्या बोंडासारखे, अगदी फुंकर मारली तर उडतील असे. तो दगड आहे यावर आमच्यातल्या कोणाचाच विश्वास बसेना. दुसरी गोष्ट म्हणजे दगडांखालच्या चिठ्ठ्या. खनिजाचं नाव परदेशी, उच्चारताना जीभ अडखळेल असं. पण त्याखाली गाव कोणतं? नाशिक. जळगाव. वाघोली. पुणे. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की म्युझियममध्ये ठेवण्यासारख्या वस्तू लांबून येतात, इजिप्तहून वगैरे. इथे तर आमच्या बसच्या रूटवरची गावं काचेत लावलेली होती!

त्या चिठ्ठ्यांचा अर्थ मात्र मला बऱ्याच नंतर, इंजिनिअरिंगला आल्यावर लागला. तोच आता क्रमाने सांगते.

आपल्या पायाखाली काय आहे?

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग एकाच प्रकारच्या खडकावर उभा आहे. तो खडक म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा कातळ. पांडवलेणी त्याच्यातच कोरलेली आहेत, काळाराम मंदिर त्याच्याच दगडाचं आहे, आणि सोमेश्वरच्या धबधब्यावर पाय घसरतो तोही त्याच्यावरूनच.

हा सगळा खडक एके काळी पातळ रस होता. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा बाहेर आला. ज्वालामुखी म्हटलं की आपल्याला शंकूच्या आकाराचा, तोंडातून धूर काढणारा डोंगर आठवतो. इथला प्रकार बराचसा वेगळा होता. तव्यावर धिरडं घालावं तसा अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसचा लाव्हा पसरायचा, थिजायचा आणि त्याच्यावर पुढचा थर यायचा. असे थरांवर थर साचत सह्याद्रीत काही ठिकाणी दोन किलोमीटरपेक्षाही जास्त जाडी झाली. आजही हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. पावसाळा संपल्यावर ब्रह्मगिरीकडे किंवा इगतपुरीच्या बाजूला बघा. डोंगराच्या अंगावर पायऱ्यांसारखे आडवे पट्टे दिसतात. म्हणूनच भूगर्भशास्त्रात याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' म्हणजे इथे सापळा नाही, पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ते नाव आलं आहे.

याच सुमाराला मेक्सिकोत एक प्रचंड अशनी आदळला आणि याच सुमाराला डायनोसॉर संपले. अशनीचा दोष किती आणि आपल्या लाव्ह्याचा किती, यावर शास्त्रज्ञांची चर्चा अजून चालू आहे. म्हणजे जगाच्या इतिहासातल्या एका मोठ्या खटल्यात आपलं महाराष्ट्राचं पठार संशयितांच्या यादीत आहे. हे आम्हाला भूगोलात कोणी सांगितलं असतं तर 'रेगूर मृदा कापसाला उपयुक्त असते' एवढंच पाठ करून आम्ही सुटलो नसतो.

बुडबुड्याचं घर

आता मुद्द्याची गोष्ट. लाव्ह्यात वायू मिसळलेले असतात. सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर जसे बुडबुडे वर येतात तसेच वरचा दाब कमी झाला की लाव्ह्यातले वायू वर येऊ लागतात. पण लाव्हा वरून लवकर थिजतो, त्यामुळे कितीतरी बुडबुडे आतच अडकतात. वायू निघून जातो, पोकळी राहते. कधी वाटाण्याएवढी, कधी नारळाएवढी, तर कधी माणूस आत बसू शकेल एवढी.

मग पाण्याचं काम सुरू होतं. खडकात मुरलेलं गरम पाणी बेसॉल्टमधलं कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, सिलिका, ॲल्युमिनियम थोडं थोडं विरघळवून घेतं आणि त्या पोकळ्यांत झिरपतं. तापमान उतरलं, पाण्याची रासायनिक स्थिती बदलली की विरघळलेला माल बाहेर पडू लागतो आणि पोकळीच्या आतल्या भिंतीवर स्फटिक वाढायला लागतात. आधी बहुधा हिरवट खनिजाचा पातळ लेप, मग चाल्सेडनी किंवा क्वार्ट्झ म्हणजेच आपली गारगोटी, मग बाकीची मंडळी. आत मोकळी जागा असल्यामुळे स्फटिकाला हवा तसा वाढता येतं, कोणाचा धक्का लागत नाही. साध्या खडकात स्फटिक एकमेकांना चिकटून, दाटीवाटीने वाढतात, म्हणून त्यांचे आकार नीट दिसत नाहीत. होस्टेलच्या भाषेत सांगायचं तर, तीन जणांच्या खोलीत सहा जण राहिले तर कोणालाच हातपाय पसरता येत नाहीत, तसंच हे!

हे काम लाव्हा थिजल्यावर पुढे लाखो वर्षं चालत राहिलं. म्हणजे त्या काचेमागचा एक देखणा तुकडा हा आग आणि पाणी अशा दोन वेगवेगळ्या काळांतल्या कामांचा हिशेब असतो.

काचेमागची मंडळी

तिथे गेलात तर ओळख असावी म्हणून काही नावं सांगून ठेवते.

ॲपोफिलाइट – काचेसारखा चमकणारा, चौकोनी किंवा टोकदार पिरॅमिडसारखा. रंगहीन असतो, पण हिरवा मिळाला तर त्याचा भाव वेगळा. हिरवा रंग व्हॅनेडियममुळे येतो. पुणे आणि जळगाव ही त्याची नामांकित ठिकाणं.

स्टिल्बाइट – फिकट गुलाबी किंवा पीच रंगाचा. कापलेल्या गव्हाची पेंढी मधोमध बांधली तर कशी दिसेल, तसा आकार.

स्कोलेसाइट – पांढऱ्या सुयांचा फुलोरा. तापवल्यावर तो अळीसारखा वळवळतो, म्हणून ग्रीक भाषेतल्या 'अळी'वरून नाव पडलं. नाशिक परिसरातले नमुने सुंदर असतात.

ओकेनाइट – आठवीत आम्हाला भेटलेला कापूस. अतिशय बारीक, लवचिक तंतूंचा गोळा. बोट लावलं की तंतू चपटे होतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. 'डोन्ट टच'ला निदान इथे तरी भक्कम कारण होतं!

कॅव्हनसाइट – गडद निळा. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन या तिघांची पहिली अक्षरं जोडून हे नाव केलं आहे. त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९७३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नमुन्यांवरून झालं, पण जगातले सर्वोत्तम नमुने निघाले ते पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणीतून.

पॉवेलाइट – हा खास आपला नाशिककर. कॅल्शियम आणि मॉलिब्डेनमचं खनिज. साध्या उजेडात मधाच्या रंगाचा दिसतो, अतिनील प्रकाशात पिवळसर चमकतो. पांडवलेणीच्या डोंगराच्या परिसरातले पॉवेलाइट जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. आपल्याला मात्र तो डोंगर म्हणजे मुंबई हायवेवरचा पिकनिक स्पॉट!

यातले स्टिल्बाइट आणि स्कोलेसाइट ही एकाच कुटुंबातली भावंडं. त्या कुटुंबाचं आडनाव 'झिओलाइट'. ॲपोफिलाइट त्यांच्या शेजारी राहतो, पण कुटुंबातला नाही.

आणि हे आडनाव तुम्ही ऐकलेलं आहे. आठवा!

फर्स्ट इयर, केमिस्ट्री, पाणी

"एक्स्प्लेन झिओलाइट प्रोसेस फॉर सॉफ्टनिंग ऑफ वॉटर विथ नीट लेबल्ड डायग्राम." किती मार्कांना ते ज्याचं त्याला आठवत असेलच. आपण सगळ्यांनी तो उभा सिलिंडर काढला, एका बाजूने हार्ड वॉटर आत सोडलं, खालून सॉफ्ट वॉटर बाहेर काढलं आणि पेपर झाल्यावर विसरून गेलो. तो झिओलाइट आणि तासाभराच्या अंतरावर काचेत बसलेला झिओलाइट एकाच कुळातले आहेत हे मला कोणत्याही नोट्समध्ये लिहिलेलं आढळलं नाही.

काय असतो तो? सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे छोटे चौफलक एकमेकांना कोपऱ्यांनी जोडून केलेली जाळी. काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतो. ॲल्युमिनियमचा धनभार एकाने कमी, त्यामुळे जाळीवर ऋणभार राहतो. तो भरून काढण्यासाठी सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियमचे आयन आतल्या पोकळ्यांत येऊन बसतात, पण सैल बसतात, एसटीतल्या उभ्या प्रवाशासारखे. कोणी जास्त योग्य आला तर जागा सोडून देतात. जड पाण्यातला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम आत येतो, त्याच्या बदल्यात सोडियम बाहेर पडतो. पाणी मृदू झालं. सगळ्या जागा कॅल्शियमने भरल्या की वरून मिठाचं घट्ट पाणी सोडायचं, सोडियमची गर्दी एवढी होते की कॅल्शियमला उतरावं लागतं. मशीन पुन्हा तयार!

पाणी जड का होतं हेही याच खडकाच्या पोटात आहे. बोअरवेलचं पाणी बेसॉल्टमधून मुरताना त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊनच येतं. ज्या होस्टेलला बोअरचं पाणी आहे तिथल्या बादल्यांच्या तळाशी पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल वर्षभरात पांढरी होते. तो पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. संग्रहालयात झिओलाइटच्या शेजारी 'कॅल्साइट' नावाचा जो स्फटिक ठेवलेला असतो तोही कॅल्शियम कार्बोनेटच. निसर्गाला निवांत वेळ आणि मोकळी पोकळी मिळाली तर कॅल्साइटचा स्फटिक होतो, घाई झाली तर बादलीतला थर!

'झिओलाइट' हे नाव १७५६ मध्ये क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने दिलं. त्याने हा दगड तापवला तेव्हा आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडू लागलं आणि दगड उकळतोय असं वाटलं. म्हणून ग्रीकमधून 'उकळता दगड'. पाणी निघून गेल्यावरही जाळी ढासळत नाही, रिकामी राहते आणि पुन्हा पाणी किंवा दुसरा रेणू आत घेऊ शकते. या पोकळ्यांची दारं इतकी लहान असतात की त्यांचं माप अँगस्ट्रॉममध्ये सांगावं लागतं, आणि एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलीमीटरचा एक कोटीवा भाग. ठरावीक मापाचा रेणू आत शिरतो, मोठा बाहेर राहतो. म्हणून झिओलाइटला 'रेण्वीय चाळणी' म्हणतात. निसर्गात चाळीसहून जास्त प्रकारचे झिओलाइट आहेत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस युनियन कार्बाइडमध्ये रॉबर्ट मिल्टन आणि सहकाऱ्यांनी ते कारखान्यात बनवायला सुरुवात केली. आज कच्च्या तेलाचं पेट्रोल करताना, कपड्यांच्या पावडरमध्ये, अणुभट्टीच्या दूषित पाण्यातलं सिझियम पकडताना अशा कितीतरी ठिकाणी झिओलाइट काम करतो.

एप्रिल २०२१

आता एक गंभीर गोष्ट. २१ एप्रिल २०२१ हा दिवस नाशिककर विसरणार नाहीत. महापालिकेच्या रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब कमी झाला आणि वीसहून जास्त रुग्णांनी प्राण सोडले. मी तेव्हा दहावीत होते, त्याच आठवड्यात आमची बोर्डाची परीक्षा रद्द झाली होती. घराघरांत एकच शब्द होता, ऑक्सिजन. शेजारच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी भाड्याने काँसन्ट्रेटर आणला होता. रात्री गंगापूर रोड शांत झाला की खिडकीतून त्याचा आवाज यायचा. फुस्स... खट्... फुस्स.

तो आवाज कशाचा, ते आता मेकॅनिकलच्या मुलीला कळतं. त्या पेटीत झिओलाइटच्या गोळ्या भरलेली दोन नळकांडी असतात. कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून पहिल्यात सोडतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. झिओलाइटच्या जाळीतल्या आयनांकडे नायट्रोजनचा रेणू ऑक्सिजनपेक्षा जास्त ओढला जातो आणि आत अडकून राहतो. ऑक्सिजन पुढे जातो, ९० ते ९५ टक्के शुद्ध. पहिलं नळकांडं भरत आलं की व्हॉल्व्ह फिरतो, हवा दुसऱ्यात जाते, पहिल्यातला दाब सोडला जातो आणि पकडलेला नायट्रोजन बाहेर. हीच ती 'फुस्स'. त्यानंतर देशभरच्या रुग्णालयांत बसवलेल्या पीएसए प्लांटचंही तत्त्व हेच, फक्त आकार मोठा.

अर्थात त्या पेटीतला झिओलाइट कारखान्यात बनवलेला असतो, सिन्नरच्या काचेतला नव्हे. पण रचनेची कल्पना निसर्गाच्या दगडातूनच आली. कोणीतरी अडीचशे वर्षांपूर्वी 'निरुपयोगी' दगड तापवून बघितला, त्याची नोंद केली, नमुना जपून ठेवला. त्या वेळी त्याला कोणी विचारलं असेल का, "याचा उपयोग काय?" विचारलं असेलच! नमुने जपून ठेवायचे ते यासाठी. उपयोग नंतर कळतो.

सापडतात कशी आणि जातात कुठे?

हे स्फटिक शोधायला कोणी मुद्दाम डोंगर फोडत नाही. विहीर खणताना, बोगदा काढताना, रस्त्यासाठी डोंगर कापताना, आणि मुख्य म्हणजे खडीच्या दगडखाणीत सुरुंग लावल्यावर पोकळी उघडी पडते. ब्रिटिश काळात जीआयपी रेल्वेने भोर घाट आणि आपल्या इगतपुरीजवळचा थळ घाट फोडला. भोर घाटाचा मार्ग १८६३ मध्ये आणि थळ घाटाचा १८६५ मध्ये सुरू झाला. भोर घाटाच्या खोदकामातले सुंदर नमुने तेव्हाच युरोपातल्या संग्रहांत पोचले होते.

पहिल्यांदा ते बघणारा माणूस भूगर्भशास्त्रज्ञ नसतो. सुरुंग लावणारा किंवा दगड उचलणारा कामगार असतो. त्या क्षणी त्याने काय करायचं? पोकळी दिसली म्हणून थांबला तर रोज बुडतो. न थांबला तर सहा कोटी वर्षांचा ऐवज क्रशरमध्ये जाऊन पाऊण इंची खडी होऊन बाहेर पडतो. त्यातला काही माल जाणकारांच्या हाती लागतो आणि बराचसा परदेशी जातो. जगातल्या कुठल्याही मोठ्या खनिज संग्रहालयात 'महाराष्ट्र, इंडिया' असं लिहिलेला दगड हमखास असतो. ज्या गावात तो निघाला तिथल्या शाळेत मात्र तो नसतो.

इथे एक अवघड प्रश्न आहे आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. दगडखाणी नसत्या तर हे स्फटिक अंधारातच राहिले असते. पण खाणींनी डोंगरच खाल्ले तर? २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या परिसरातल्या खोदकामाविरुद्ध नाशिककर रस्त्यावर उतरले होते, कारण गोदावरीच्या उगमाचा प्रश्न होता. इंजिनिअर म्हणून आपण उद्या खडी मागणाऱ्यांच्या बाजूला असणार. घरं, रस्ते, धरणं हवीतच. पण कुठला डोंगर फोडायचा, कुठला नाही आणि फोडताना निघालं ते कोणी नोंदवायचं, हे ठरवणं हाही इंजिनिअरिंगचाच भाग आहे. मुंबईत मालाड-कांदिवलीच्या खाणींतून एके काळी उत्तम प्रेहनाइट आणि ओकेनाइट निघायचा, आज तिथे इमारती आहेत. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. त्या खाणींचं जे काही शिल्लक आहे ते काचेमागेच.

आणि काचेमागचं तरी कायमचं असतं का? दिल्लीतलं राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय २६ एप्रिल २०१६ च्या आगीत भस्मसात झालं. २ सप्टेंबर २०१८ ला ब्राझीलच्या रिओमधलं दोनशे वर्षांचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं, तेव्हा लाखो वस्तू गेल्या. आगीतून सहीसलामत राहिला तो दारातला बेन्डेगो नावाचा प्रचंड लोखंडी अशनी! फुलपाखरं, सांगाडे, कागद पुन्हा मिळत नाहीत. नाजूक स्फटिकांचंही तसंच. त्यातून सिन्नरचं संग्रहालय म्हणजे एका माणसाच्या वेडातून उभी राहिलेली गोष्ट. असं वेड दर जिल्ह्यात असेलच असं नाही.

जायचं असेल तर...

शाळेसारखं जाऊ नका, एवढंच सांगणं. शंभर दगड चार-चार सेकंद बघण्यापेक्षा पाच दगड दहा-दहा मिनिटं बघा. प्रत्येकाच्या बाबतीत तीन प्रश्न विचारा. नाव काय? कोणत्या गावचा? त्याच्यासोबत कोण कोण वाढलंय? तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण जो खाली आहे तो आधी आला आणि जो त्याच्यावर बसलाय तो नंतर. एवढ्यावरून पोकळीचा इतिहास तुमचा तुम्हाला वाचता येतो. दक्षिणेकडच्या आपल्या मातीतले नमुने आधी बघा, देशोदेशीची रत्नं नंतर. डोळे दिपल्यावर साधा काळा दगड दिसत नाही.

जाण्याआधी रिहर्सलही करता येते आणि तिला तिकीट नाही. उन्हाळ्यात पाणी कमी असताना सोमेश्वरच्या धबधब्यापाशी जा (पावसाळ्यात अजिबात नको, दरवर्षी तिथल्या पाण्याचं धाडस कोणाच्या तरी अंगाशी येतं). पात्रातल्या उघड्या कातळावर बारीक पांढरे ठिपके शोधा. ते ठिपके म्हणजेच भरलेले बुडबुडे. सिव्हिलचे मित्र बरोबर असतील तर आणखी चांगलं. घट्ट काळा बेसॉल्ट दिसायला मजबूत, पण त्याला भेगा असतात आणि त्यातून पाणी झिरपतं, आणि पोकळ्या भरलेला खडक दिसायला कच्चा पण बहुधा सलग असतो, हे त्यांना धरणाच्या पायाच्या निमित्ताने शिकवलेलं असतं. पुढे गंगापूर धरणापर्यंत जाणारच असाल तर हा विषय वाटेत काढा, गाडीवरचे अर्धा तास छान जातील.

आता शेवटचं, आणि हे होस्टेलवाल्यांसाठी तसंच आपल्या स्टाफसाठी. आपल्या होस्टेलमध्ये जळगाव, धुळे, नगर, संभाजीनगर, पुणे, बीड असे सगळीकडचे लोक आहेत, आणि हे जवळजवळ सगळे जिल्हे याच बेसॉल्टवर आहेत. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा गावात नवीन विहीर खणली असेल तर तिच्या काठावरचा ढिगारा बघा. चमकणारं काही दिसलं तर मालकाला विचारून एक तुकडा घ्या आणि कागदावर गावाचं नाव, तारीख आणि किती फुटांवर लागला ते लिहा. किल्ले, लेणी, जंगल यातला दगड मात्र उचलायचा नाही, तिथे फक्त फोटो. सिव्हिलच्या जिऑलॉजी लॅबबाहेर एक रिकामं शोकेस आहे. त्यात ट्रॉफ्या ठेवायच्या की हे दगड, ते सरांनी ठरवावं. माझं मत सांगून झालं आहे.

फक्त चिठ्ठी लिहायला विसरू नका. गावाचं नाव नसेल तर तो नुसताच सुंदर दगड.